आमच्या गार्टर सापांची गांडुळे

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, किचनर शहरातल्या आमच्या घरी गेली चार वर्षे दोन प्लेन्स गार्टर साप राहत आहेत. दोन्ही माद्या आहेत, दोन्ही पाळीव सापांच्याच पोटी जन्मलेल्या आहेत, आणि माझ्या लेकीने तेराव्या वर्षी स्वतः साठवलेल्या पैशांतून त्या एका सर्पपालकाकडून विकत आणल्या. पाठीच्या मधोमध केशरी-पिवळा पट्टा, दोन्ही कुशींवर फिकट पट्टे आणि पट्ट्यांच्या मध्ये काळ्या ठिपक्यांच्या ओळी, असे त्यांचे रूप आहे. वाई तालुक्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांना पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर त्या दाखवल्या, तेव्हा ते लगेच म्हणाले, "अगं, ही तर आपली नानेटी!" त्यांचे म्हणणे फारसे चुकलेले नव्हते. आपली नानेटी, आपला विरोळा आणि इकडचा गार्टर हे सारे एकाच उपकुळातले साप आहेत, आणि तिघांनाही ओलावा आवडतो. फरक एवढाच, की भारतात नानेटी पकडून घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, ते योग्यही आहे, आणि इथे पिंजऱ्यात जन्मलेला गार्टर मुलांच्या खोलीतही दिसतो.

साप म्हटले की उंदीर, असे बहुतेक लोक गृहीत धरतात. गार्टरचे तसे नाही. निसर्गात तो बेडूक, मासे, जळवा, गोगलगायी आणि गांडुळे खातो, आणि प्लेन्स गार्टरच्या आहारात तर गांडुळांचा वाटा फार मोठा असतो. गांडूळ मऊ असते, लहान पिल्लालाही गिळता येते, आणि नवा आणलेला बुजरा सापदेखील वळवळणारे गांडूळ पाहून पुढे येतो. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला हा साप सांभाळायला अगदी सोपा वाटला. गांडुळे काय, मातीत हवी तेवढी मिळतील, अशी माझी समजूत होती. योग्य गांडुळे, विषारी नसलेली, बारा महिने मिळणारी आणि खिशाला परवडणारी मिळवणे हे या सापाच्या पालनातले सर्वांत कष्टाचे काम आहे, हे कळायला मला पहिले वर्ष गेले.

आधी खर्चाचे सांगते. इकडे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आणि काही पेट्रोल पंपांवरच्या फ्रीजमध्ये बारा गांडुळांची डबी मिळते. गळाला लावण्यासाठी विकली जाणारी ही मोठी गांडुळे ‘नाइटक्रॉलर’ या नावाने ओळखली जातात. आम्हाला एक डबी साधारण सहा डॉलरला पडत असे. आमच्या दोघी मिळून आठवड्याला चौदा-पंधरा गांडुळे संपवतात. म्हणजे वर्षाला साठ-पासष्ट डब्या आणि साडेतीनशे डॉलरहून अधिक खर्च, तोही नुसत्या गांडुळांचा. त्यातही डिसेंबर ते मार्च या काळात अनेक दुकाने ती ठेवतच नाहीत, आणि ठेवली तर डबीतली निम्मी मरगळलेली निघतात.

याच अडचणीतून माझ्या हातून एक चूक झाली. ती सविस्तर सांगते, कारण आपल्याकडून आलेल्या कोणाच्याही हातून ती सहज होऊ शकेल. माझ्या वडिलांच्या शेतावर पत्र्याच्या शेडखाली गांडूळ खताचे वाफे आहेत. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते आणि घरी रोज पाहिलेही होते. इथे आल्यावर मी बेसमेंटमध्ये भाजीपाल्याच्या सालींसाठी एक गांडुळांचा डबा ठेवला होता, आणि त्यात शेकडो लालसर गांडुळे छान वाढली होती. एका जानेवारीत दुकानातली डबी मिळाली नाही, तेव्हा मी त्यांतली दोन धुऊन मोठ्या मादीपुढे ठेवली. तिने नेहमीप्रमाणे झडप घातली आणि पुढच्याच क्षणी ते गांडूळ तोंडातून झटकून टाकले. मग ती कितीतरी वेळ जबडा ओल्या शेवाळावर घासत राहिली, तोंड उघडून पुन्हा पुन्हा जांभईसारखी हालचाल करत राहिली. टाकलेल्या गांडुळाभोवती पिवळट चिकट द्राव पसरला होता आणि त्याला उग्र वास येत होता. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे तिने कोणत्याही गांडुळाला तोंड लावले नाही. लेक रोज रात्री पिंजऱ्यासमोर बसून राहायची, आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हते.

ते गांडूळ आयसेनिया फेटिडा जातीचे होते. खत करण्यासाठी महाराष्ट्रात आणि जगभर सर्वाधिक वापरली जाणारी हीच जात आहे, आणि गार्टर सापासाठी ती विष आहे. तिला डिवचले की अंगातून जो पिवळा द्राव सुटतो त्यात लायसेनिन नावाचे प्रथिन असते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात स्फिंगोमायलिन हा घटक भरपूर असतो. लायसेनिन नेमके त्यालाच चिकटते आणि त्या आवरणाला भोके पाडते. गांडुळाने शत्रूपासून वाचण्यासाठी केलेली ही सोय आहे. आमच्या मादीने ते टाकून दिले म्हणून निभावले. भुकेले पिल्लू ते गिळते, मग उलटी करते, आणि जिवावरही बेतू शकते. इथल्या बाजारात हीच जात ‘रेड विगलर’ म्हणून स्वस्तात आणि भरपूर मिळते, म्हणून नवखा माणूस हमखास तिच्याकडे वळतो. ती कितीही स्वस्त मिळाली तरी सापासाठी घेऊ नये.

ओळख पटवण्यासाठी मी गांडूळ पांढऱ्या बशीत ठेवून उजेडात पाहते. नाइटक्रॉलर लांबलचक असते, आरामात वीतभर भरते. त्याचा पुढचा अर्धा भाग गडद तपकिरी-लाल आणि मागचा फिकट असतो, आणि शेपटीचे टोक वल्ह्यासारखे चपटे होते. खताचे गांडूळ बोटभर, बारीक आणि अतिशय चपळ असते. त्याच्या प्रत्येक वलयावर लाल आणि वलयांच्या मधल्या खाचेत पिवळसर अशा आडव्या पट्ट्या आलटून पालटून दिसतात, म्हणून त्याला वाघ-गांडूळ असेही म्हणतात. शंका आली तर ते गांडूळ मी सापाला देत नाही. एका गांडुळाचे मोल ते किती असणार.

आता नाइटक्रॉलर एवढे महाग का, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या शेतांमध्ये सापडले. उत्तर अमेरिकेत गळाला लागणारी बहुतांश नाइटक्रॉलर याच दक्षिण-पश्चिम ऑन्टारिओतून जातात. हे गांडूळ जमिनीत खोल, उभे बीळ करून एकटे राहते, रात्री वर येऊन पाने बिळात ओढून नेते, थंडावा मागते आणि फार सावकाश वाढते. त्यामुळे त्याची डब्यांतून पैदास करणे व्यापाराला परवडत नाही, आणि जवळजवळ सगळा माल माणसांनी हाताने वेचलेला असतो. दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठी राखलेली, शेणखत पडलेली आणि फारशी न नांगरलेली शेते व्यापारी रात्रीपुरती भाड्याने घेतात. वेचणारे कपाळावर दिवा बांधून, पायाला दोन डबे बांधून, कमरेत वाकून चालतात. एका डब्यात गांडुळे पडतात आणि दुसऱ्यात लाकडाचा भुसा असतो, कारण चिकट बोटे त्यात बुडवून कोरडी केली नाहीत तर पुढचे गांडूळ हातातून निसटते. मजुरी हजारावर मोजून मिळते, आणि या कामात वर्षानुवर्षे व्हिएतनामहून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. हे समजल्यापासून सहा डॉलरच्या डबीबद्दल मी कुरकूर केलेली नाही. रात्रभर ओल्या शेतात वाकून चालणाऱ्या माणसाच्या कष्टांपुढे ती किंमत जास्त नाही.

तरीही खर्च कमी करायचा तर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे घाऊक खरेदी. दुकानदारांना गांडुळे पाचशेच्या खोक्यांतून येतात. आमच्या भागातल्या एका दुकानदाराला मी साप पाळत असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने अख्खे खोके डबीच्या हिशेबाने पडले असते त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत दिले. मी ते दुसऱ्या एका गार्टर पाळणाऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेते. घेताना एक गोष्ट जरूर विचारते, ती म्हणजे गांडुळांना रंग दिला आहे का. माशांना दिसावीत म्हणून काही विक्रेते चकचकीत हिरवी केलेली गांडुळे विकतात. ती सापासाठी मुळीच घेऊ नयेत.

दुसरा मार्ग स्वतः वेचण्याचा आहे. हे काम मला मनापासून आवडते, पण यात जागेची निवड हाच सारा प्रश्न आहे. गांडूळ माती खाते, आणि मातीतले बरेच काही त्याच्या अंगात साठत जाते. ते स्वतः मात्र त्याने मरतेच असे नाही. या गोष्टीचा सर्वांत दुःखद पुरावा आमच्या शेजारच्या मिशिगन राज्यात आहे. १९५० च्या दशकात तिथल्या विद्यापीठाच्या आवारातील एल्म वृक्षांवर रोग पसरवणारे भुंगेरे मारण्यासाठी डीडीटी फवारण्यात आले. पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली, आणि पुढच्या वसंतात ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी हिरवळीवर झटके देत मरू लागले. विषाने माखलेली गांडुळे मात्र जिवंत होती. बशीत तुकतुकीत दिसणारे, जोमाने वळवळणारे गांडूळ निर्धोक असते, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

ऑन्टारिओमध्ये एक सोय अशी आहे, की २२ एप्रिल २००९ पासून केवळ शोभेसाठी लॉनवर आणि बागेत रासायनिक कीटकनाशके व तणनाशके फवारण्यावर बंदी आहे. त्यामुळे घरांच्या अंगणातली गांडुळे येथे तुलनेने सुरक्षित असतात. पण गोल्फची मैदाने आणि शेती या बंदीतून वगळलेली आहेत, म्हणून मी मका-सोयाबीनच्या शेतांच्या कडेला किंवा गोल्फच्या मैदानाजवळ कधीही वेचत नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेची मातीही वर्ज्य समजते, कारण शिसे आणि कॅडमियम हे धातू गांडुळांत साठतात. जुन्या घराच्या भिंतीलगतची जागा मी याच कारणासाठी टाळते. भिंतीवरून खरवडून पडलेल्या जुन्या रंगात शिसे असू शकते. उरते ते आमचे मागचे अंगण, आणि शेजारच्या आजोबांचे. त्यांच्याकडे परवानगी मागायला गेले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारले, की गेल्या काही वर्षांत अळ्या मारण्याचे औषध किंवा लॉनसाठीचे काही रसायन टाकले होते का. त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन फळीवरची प्रत्येक बाटली दाखवली. असा शेजारी मिळणे हेच खरे भाग्य आहे.

वेचण्याचा काळ एप्रिल-मे आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबर हा असतो. दिवसा पाऊस पडून गेलेला असावा, वारा नसावा आणि रात्रीचे दहा वाजून गेलेले असावेत. पांढरा उजेड पडला की गांडुळे सुळकन आत जातात, म्हणून आम्ही विजेरीवर लाल जिलेटीन बांधतो. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. पाय आपटू नये, कारण हादरा त्यांना लगेच कळतो. गवतात वाकून पाहिले की एखादे गांडूळ अर्धे बाहेर पसरलेले दिसते, आणि शेपटीकडचा भाग बिळाच्या तोंडाशी रोवलेला असतो. तिथेच, बिळाच्या तोंडाशी, दोन बोटांत ते धरायचे आणि ओढायचे नाही. अंगावरचे बारीक, ताठ केस भिंतीत रुतवून ते असे घट्ट बसते, की ओढले तर तुटते. धरून नुसते थांबायचे. बोटांखाली ते आकसलेले जाणवते, मग थोड्या वेळात ती पकड सैल होते आणि ते अलगद बाहेर येते. लेकीला हे माझ्यापेक्षा चांगले जमते, कारण तिला घाई नसते. चांगल्या रात्री आम्ही तासाभरात शंभर-सव्वाशे वेचतो, आणि सर्वांत मोठी गांडुळे अंडी घालण्यासाठी तिथेच ठेवतो.

घरी आणल्यावर ती लगेच सापाला देत नाही. ओल्या, शाई नसलेल्या कागदाच्या कपट्यांत त्यांना दोन-तीन दिवस ठेवले, की पोटातली माती बाहेर पडते. नंतर नारळाच्या भुश्यात, झाकणाला भोके असलेल्या डब्यात ती फ्रीजमध्ये जातात. चार ते दहा अंश सेल्सिअस तापमानात ती कित्येक आठवडे चांगली राहतात. चार-पाच दिवसांनी चिमूटभर मक्याचे पीठ टाकते आणि तेव्हाच डबा पूर्ण उपसून पाहते, कारण एक मेलेले गांडूळ आत राहिले तर ते कुजून सगळा डबा नासतो. आमच्या घरी त्यासाठी वेगळा छोटा फ्रीज आहे. तो येण्याआधी दह्याच्या भांड्याशेजारी हा डबा असायचा, आणि सासूबाई आल्या होत्या त्या महिन्यात मी तो बेसमेंटच्या थंड कोपऱ्यात हलवला होता.

हिवाळ्यासाठी आता आम्ही युरोपियन नाइटक्रॉलर वाढवतो. आयसेनिया हॉर्टेन्सिस किंवा डेंड्रोबेना या नावांनी ते मिळते. खताच्या गांडुळाचे हे जवळचे नातलग असल्यामुळे मला आधी धास्ती होती, पण अनेक अनुभवी पालक ते वर्षानुवर्षे देत आले आहेत. आम्हीही आधी एकच छोटे गांडूळ देऊन आठवडाभर वाट पाहिली, आणि आजवर त्याने काही त्रास झालेला नाही. घरातल्या तापमानाला ते आनंदाने राहते आणि डब्यातच त्याची पैदास होते. खरा धोका वेगळाच आहे. यालाही फिकट पट्टे असतात, आणि काही विक्रेत्यांच्या वाफ्यांत दोन्ही जाती मिसळलेल्या असतात. मी मागवलेल्या पहिल्या पार्सलमध्ये अशी सरमिसळ निघाली होती. एकेक गांडूळ बशीत घेऊन, जाडसर, निळसर-करडी झाक असलेले आणि शेपटीचे टोक दुधाळ असलेले तेवढेच मी डब्यात टाकले, आणि बाकीची सालींच्या डब्यात गेली. दोन्ही डबे आता वेगवेगळ्या खोल्यांत असतात.

खायला देताना दोघींना वेगळ्या डब्यांत बसवावे लागते. एकाच गांडुळाची दोन टोके दोघींनी धरली, तर कोणीच सोडत नाही आणि एकीचे तोंड दुसरीच्या जबड्यात जाते. डब्यात खाली फक्त ओला कागद असतो, कारण चिकट गांडुळाला भुसा लागला तर तोही पोटात जातो. मोठी मादी जीभ लपलपवत येते, गांडूळ मधेच पकडते, आणि मग जबड्याची एक बाजू, मग दुसरी, असे सरकत सरकत टोक शोधते. लहानी होती तेव्हा तिला आम्ही नखभर तुकडे करून देत असू. तुकडेही वळवळतात, त्यामुळे ती फसत नसे.

मात्र केवळ गांडुळांवर गार्टर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यांत कॅल्शियमचा भरवसा नसतो. ओल्या गांडुळावर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड छान चिकटते, म्हणून आम्ही ती भुरभुरवून देतो, आणि महिन्यातून दोन-तीनदा उंदराचे गोठवलेले पिल्लू किंवा सामन-ट्राउटचे तुकडे देतो. गोल्डफिश आणि स्मेल्ट मासे देत नाही. त्यांतले थायमिनेज हे विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि सापाला झटके येऊ लागतात. गोठवल्याने ते विकर जात नाही. अंगणातल्या गांडुळांतून जंतही येऊ शकतात, म्हणून वर्षातून एकदा दोघींची विष्ठा पशुवैद्याकडे तपासायला जाते.

उरलेल्या गांडुळांचे काय करायचे, हेही सांगायला हवे, कारण मासेमारीहून परतणारे लोक उरलेली डबी नदीकाठच्या रानात ओततात आणि आपण जमिनीचे भलेच केले असे समजतात. आपल्याकडे गांडूळ हा शेताचा मित्र आहे. इथल्या रानाची गोष्ट निराळी आहे. हा सारा प्रदेश हिमयुगात बर्फाखाली होता, आणि बर्फ ओसरल्यावर इथली अरण्ये गांडुळांशिवायच वाढली. आज दिसणारी जवळजवळ सगळी गांडुळे युरोपातून आलेल्या लोकांबरोबर, रोपांच्या मातीतून आली आहेत. रानातल्या पालापाचोळ्याचा जाड थर ती काही वर्षांत फस्त करतात, आणि त्या थरावर जगणारी रोपे व रानफुले नाहीशी होत जातात. अलीकडे आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळेही ऑन्टारिओत सापडली आहेत. वेचताना एखादे गांडूळ सापासारखे तडफडले आणि त्याच्या अंगाभोवतीचा पट्टा दुधासारखा पांढरा व गुळगुळीत दिसला, तर आम्ही ते परत सोडत नाही.

अंगणातली उरलेली गांडुळे आम्ही त्याच अंगणात परत सोडतो. विकत आणलेली कधीच नाही. ती, आणि डब्यातला जुना भुसाही, कारण त्यात सहज नजरेस न पडणारे अंड्यांचे कोश असतात, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि मग कचऱ्यात टाकतो. शेजारच्या आजोबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी त्यांच्या नातवाची मासेमारीची डबी आणून माझ्या हातात दिली. त्यात सात नाइटक्रॉलर होती, बिनरंगाची, आणि सगळी जिवंत. बशीत घेऊन तपासली, आणि दोन दिवसांनी ती आमच्या दोघींच्या पोटात गेली.